कळपाची मान

त्या मुलखात सात कळप होते आणि कुरण एकच होतं. कुरणात आधी कुणी शिरायचं यावरून पूर्वी फार रक्त सांडलं होतं, म्हणून पुढे शहाण्यांनी खेळ काढला. दर हिवाळ्यात सातही कळप एकमेकांशी गोळा खेळत, आणि जो कळप जिंकेल तो वर्षभर कुरणात पहिला शिरे. गोळा वेलींचा, गच्च वळलेला, वासराच्या उंचीचा. कपाळाने ढकलत न्यायचा आणि समोरच्यांच्या दोन उभ्या दगडांमधून पार करायचा. दर कळपाचे बारा गडी मैदानात उतरत. बाकीचे कडेला उभे राहून हंबरत आणि उद्या कोणतं गवत खायचं याचे बेत करत.

शिंगं असणाऱ्यांचा खेळ, तेव्हा नियम आलेच. शिंगांची टोकं बोथट हवीत, आणि शिंग कुणाच्या अंगात जाता कामा नये. नियम पाहायला तीन करकोचे नेमले होते. त्यांना पंच म्हणत. थोरला निवाडा सांगे. मधला सोहळ्यात पुकारा करी. तिसरा, काणा करकोचा, जन्मात कधी बोलला नव्हता. तो दोरांच्या गाठी मारी. पंचांना नेमायचं कुणी, तर सात कळपांच्या सात नाईकांनी. पंच ज्या तळ्यातले मासे खात ते तळं कुणाच्या हद्दीत, तर नाईकांच्याच. पण ते राहू द्या.

गड्याने गुन्हा केला की त्याच्या गळ्यात लोढणं पडे. लोढणं म्हणजे बाभळीचा ओंडका, गळ्यात असा लोंबता बांधलेला की चार पावलं झपाट्याने टाकली की गुडघ्यांवर आपटायचा. त्याने चालता येई, पळता येत नसे. ओंडका गुन्हेगारानेच बाभळबनातून मोडून आणायचा, दोरही त्यानेच घायपात चघळून वळून आणायचा, अशी रीत होती. मग थोरला करकोचा ओंडक्यावर चोचीने गुन्हा कोरी आणि काणा करकोचा गाठ मारी. ती गाठ मुदतीआधी कुणालाही सुटली नव्हती.

आणि कळपाने गुन्हा केला तर? तर कळपाला समज मिळे. समज देताना थोरला करकोचा त्या कळपाकडे तोंड करून तीनदा खाकरे. तिसरं खाकरणं झालं की गुन्हा संपला, जो तो चरायला मोकळा.

टेकाडाच्या कळपात कवड्या नावाचा बैल होता. अंगावर कवड्या उधळाव्यात तसे पांढरे ठिपके, पाय लांब, आणि पळण्याचं वेड एवढं की एरवी पाण्यावर जातानासुद्धा तो पळतच जाई. सात हंगाम तो बारांमध्ये होता. त्याला गवताचं फारसं काही नव्हतं. कपाळाला गोळा लागला आणि पायाखाली जमीन मागे जाऊ लागली की त्याला वाटे, आपण जन्माला आलो ते एवढ्याचसाठी.

टेकाडाच्या कळपाचा नाईक होता बाजिंद्या. वजनदार, तुकतुकीत, गोड बोलणारा. हंगामाच्या पहिल्या दिवशी पंच येऊन प्रत्येक गड्याच्या शिंगावरून चोच फिरवीत आणि "बोथट" म्हणून पुढे जात. ते गेले की बाजिंद्या आपल्या बारा जणांना गोठ्यामागे नेई. तिथे गवताखाली झाकलेला, धार लावायचा कुरुंदाचा एक दगड होता.

"जरा शिंगांची निगा राखू या," बाजिंद्या म्हणे. "दुसरं काही नाही. शिंग म्हणजे कळपाची शोभा."

आणि बाराही जण ओळीने शिंगं घासत. कवड्यानेही सात वर्षं घासली. त्याने कधी विचारलं नाही, कारण कुणीच विचारत नव्हतं. हे त्याच्या हातून चुकलंच, आणि पुढे तो स्वतःच तसं सांगे.

सातव्या हंगामाच्या शेवटच्या खेळात टेकाडाची गाठ ओढ्याच्या कळपाशी पडली. ओढ्याकडे चांदण्या नावाचा पांढराशुभ्र बैल होता, पळण्यात कवड्याच्या तोडीचा. दोघं गोळ्याला एकदमच भिडले. कवड्याचा पाय घसरला, मान वाकडी झाली आणि डावं शिंग चांदण्याच्या मागच्या मांडीत शिरलं. बोथट शिंगाने खरचटलं असतं. हे शिंग सुरीसारखं आत गेलं. चांदण्या जो बसला तो बसलाच, आणि उठला तेव्हा तीन पायांवर उठला.

कवड्या जागीच उभा राहिला. डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं, त्याच्याच शिंगावरून ओघळणारं रक्त होतं. 

दुसऱ्या दिवशी पंच बसले. थोरल्या करकोच्याने कवड्याच्या शिंगावरून चोच फिरवली आणि चटकन मागे घेतली. चोचीला चरा पडला होता.

"टोचलंस?"

"टोचलं," कवड्या म्हणाला. "गुन्हा माझा. लोढणं द्या, मी नाही म्हणत नाही. पण पंच महाराज, उरलेल्या अकरा जणांची शिंगंही बघा. आणि गोठ्यामागचा दगडही बघा."

पंचांना बघावं लागलं, कारण सगळा मुलूख ऐकत होता. अकराही जणांची शिंगं अणकुचीदार निघाली. गवताखालचा दगड निघाला, त्याच्यावर सात वर्षांचा शिंगांचा भुगा. थोरल्या करकोच्याने दोन घटका एका पायावर उभं राहून विचार केला आणि मग निवाडा सांगितला. कवड्याच्या गळ्यात एक वर्ष लोढणं, पुढचा हंगाम संपेपर्यंत. टेकाडाच्या कळपाला समज.

आणि तो टेकाडाकडे तोंड करून तीनदा खाकरला.

कळपाने सुस्कारा सोडला. बाजिंद्याने तर कवड्याजवळ येऊन हळूच सांगितलंही, "एक वर्ष म्हणजे काय रे, डोळा मिटायचा अवकाश! कळप तुला अंतर देणार नाही."

कवड्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो बाभळबनात गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा दोन ओंडके ओढत आला.

"दोन कशाला?" थोरल्या करकोच्याने विचारलं.

"एक माझा. एक कळपाचा. टोचलं मी, पण टोक कळपाने काढलं. मला लोढणं तर कळपालाही लोढणं."

मैदानात आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला. थोरला करकोचा मात्र हसला नाही. त्याने आपली भलीलांब मान आणखी लांब केली.

"अरे वेड्या, तुला गळा आहे, म्हणून तुला लोढणं. कळपाला मान असते का? पाय असतात, पोटं असतात, आवाज असतो, मान नसते. बांधू कुठे? तू मान दाखव, मी बांधतो."

"सगळ्यांसमोर म्हणालात."

"सगळ्यांसमोर म्हणालो," करकोचा म्हणाला. आता त्यालाही चेव चढला होता. "आणि हेही ऐक. पंचांची थट्टा मी खपवून घेणार नाही. मान सापडेपर्यंत दुसरं लोढणंही तूच वागव. पुढचा हंगाम संपेतो मान दाखवता आली नाही, तर ते तुझंच. आणखी एक वर्ष."

हशा थांबला. एक वर्ष लोढणं वागवून पुन्हा पळालेले बैल मुलखात होते. दोन वर्षं वागवून पुन्हा पळालेला बैल कुणीच पाहिला नव्हता. गुडघे तेवढं सोसत नाहीत.

"कबूल," कवड्या म्हणाला.

पहिल्या ओंडक्यावर "टोचलं" असं कोरलं गेलं. दुसरा कोराच राहिला. त्याचा दोर वळताना कवड्याने एक गोष्ट केली. कळपाची मान किती जाड निघेल याचा काही अंदाज नव्हता, म्हणून त्याने दोर लांबच लांब वळला. काण्या करकोच्याने तो दोर एका डोळ्याने वरपासून खालपर्यंत पाहिला, उरलेला भाग वेटोळं करून ओंडक्यालाच गुंडाळला आणि कवड्याच्या गळ्यात सुटेल अशी गाठ मारली. ती सुटेल अशी आहे हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तो बोलतच नसे.

ते वर्ष कवड्याने कसं काढलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एक ओंडका डाव्या गुडघ्यावर आपटे, दुसरा उजव्या. पाण्यावर तो सगळ्यात शेवटी पोचे, तोवर पाणी गढूळ झालेलं असे. मानेला घट्टे पडले, मग घट्ट्यांवर घट्टे पडले. पण रोज पहाटे तो टेकाड चढे आणि उतरे, ओंडक्यांसकट. कुणी विचारलं की म्हणे, "पाय विसरता कामा नयेत."

मान शोधणं चालूच होतं. पहिल्यांदा त्याला वाटलं, कळप ज्या फाटकातून आत-बाहेर करतो ते फाटक म्हणजेच कळपाचा गळा. त्याने पंचांना बोलावून दाखवलं. थोरल्या करकोच्याने फाटकावर चोच आपटली आणि म्हणाला, "लाकडाला लाकूड बांधू? फाटकाने कधी गवत खाल्लंय?" 

मग तो आपल्या सोबत्यांकडे गेला. गव्हाणीपाशी अकराही जण होते, आणि त्याच्या जागी घेतलेला बारावा, भिंगऱ्या, नवी नवी शिंगं मिरवीत मधोमध उभा होता. कवड्या म्हणाला, "आपण सगळ्यांनी घासलं. सगळ्यांनी आळीपाळीने एकेक महिना हा ओंडका घेतला, तर कळपाने घेतल्यासारखं होईल."

 चघळण्याचा आवाज तेवढा चालू राहिला. शेवटी एक जण म्हणाला, "आम्ही सांगितलं तेवढं केलं. मी एकटा म्हणजे काही कळप नव्हे." दुसराही तेच म्हणाला. भिंगऱ्या म्हणाला, "माझा काय संबंध? मी तर नवीन." त्याच्या शिंगांवर कुरुंदाची पांढरी पूड होती. कवड्याला संताप आला, आणि मग वाईटही वाटलं, कारण मागच्या वर्षी याच गव्हाणीपाशी तो स्वतःही असाच मूग गिळून उभा होता.

हंगामाच्या तोंडाशी त्याने बाजिंद्यालाच पंचांपुढे उभं केलं.

"हा नाईक," तो म्हणाला. "दगड याने आणला. निगा राखा, हे याने सांगितलं. कळपाची मान म्हणजे याची मान."

बाजिंद्या दुखावल्यासारखा हसला. "पंच महाराज, मी कोण? कळपाचा चाकर. आज आहे, उद्या नाही. माझ्या गळ्यात बांधाल तर ती एका बैलाला शिक्षा होईल. कळपाला कशी होईल? कळप वेगळा, मी वेगळा."

"बरोबर," थोरला करकोचा म्हणाला. "नाईक म्हणजे कळप नव्हे."

"हे मी लक्षात ठेवतो," कवड्या म्हणाला.

"ठेव."

परत येताना ओढ्याच्या उथळ पाण्यात त्याला चांदण्या भेटला. पांढरा बैल तीन पायांवर भार देऊन उभा होता; चौथा नुसता टेकवलेला. कवड्याने वर्षभर त्याला टाळलं होतं. आज वाट एकच होती.

"ये, ये," चांदण्या म्हणाला. "दोन-दोन ओंडके! खाशी शोभा आली आहे."

"माफ कर मला," कवड्या म्हणाला. "वर्षभर म्हणायचं होतं."

"ते मी त्याच दिवशी केलं. तुझं तोंड बघितलं होतं मी." चांदण्याने पाण्यात नाक बुडवलं, मग वर काढलं. "पण खरं सांगू? तुझ्या गुडघ्यांना ठेचा लागून माझी मांडी काही भरून आली नाही. मला एकच कळू दे. तो दगड गेला का?"

"नाही गेला. गवत दुसरं घातलंय त्याच्यावर."

"मग उद्या माझ्याजागी दुसरा कुणी तरी तीन पायांवर," चांदण्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून कवड्याला ते जास्त लागलं. "मान शोध बाबा. कोरा ओंडका तसाच टाकून देऊ नकोस."

"टाकणार नाही," कवड्या म्हणाला.

हंगाम सुरू झाला आणि सरत आला. टेकाडाचा कळप जिंकत गेला. समोरचे बैल त्यांच्या शिंगांना बिचकत, अर्धं पाऊल मागे सरत, आणि गोळ्यात अर्धं पाऊल पुष्कळ असतं. शेवटचा खेळ उजाडला. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत कवड्याची मुदत होती. मान काही सापडली नव्हती.

तो मैदानाच्या कडेला चांदण्याशेजारी जाऊन उभा राहिला. सात वर्षांत त्याने शेवटचा खेळ कडेवरून कधी पाहिला नव्हता. खेळ निम्म्यावर आला असताना गर्दीतून एकच ओरडा उठला. भिंगऱ्याच्या शिंगाने समोरच्या एका तांबड्या बैलाची कूस फाडली होती. पंचांनी चोच फिरवली, चरा पडला, निवाडा झाला. भिंगऱ्याला तिथूनच बाभळबनात पाठवलं, ओंडका आणायला. जाताना तो कवड्याच्या समोरून गेला. त्याचा सगळा तोरा गळून पडला होता.

"नवीन आहे मी," तो पुटपुटला. "मला सांगितलं तेवढं..."

"ठाऊक आहे मला," कवड्या म्हणाला.

टेकाडाचा कळप अकरा जणांनिशी जिंकला. कळपाला पुन्हा समज मिळाली. थोरला करकोचा घाईघाईने तीनदा खाकरला, कारण पुढे सोहळा होता. जिंकलेल्या कळपाला घुंगुरमाळ देत. पण खेळ संपला की घामेजलेल्या गड्यांना लगेच नदीवर नेत, आणि सोहळा फक्त घाम न गाळलेल्यांनी पाहायचा, अशी वहिवाट होती. त्यामुळे तीन वेळा जिंकलेल्या कळपातून खेळूनही कवड्याने माळ कशी देतात ते पाहिलं नव्हतं. चांदण्यानेही पाहिलं नव्हतं. आज दोघंही घाम न गाळलेल्यांत होते.

मैदान झाडून काढलं होतं. मधोमध तीन करकोचे उभे राहिले. थोरल्याने घुंगुरमाळ चोचीत धरली. लाल गोंड्यांची, शंभर घुंगरांची, उन्हात झळकणारी. मधला पुढे झाला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने पुकारा केला, जसा तो दरवर्षी करत असे:

"टेकाडाच्या कळपा, मान पुढे कर!"

आणि गर्दीतून बाजिंद्या निघाला. संथ, डौलात, चहूकडे बघत. मैदानाच्या मध्यावर येऊन त्याने आपली तुकतुकीत मान लांब केली आणि माळेसाठी खाली झुकवली.

 कवड्याने चांदण्याकडे पाहिलं. चांदण्या आधीच त्याच्याकडे पाहत होता.

"जा," चांदण्या म्हणाला.

कवड्या निघाला. पळता येत नव्हतं, तो चालत निघाला. एक ओंडका डाव्या गुडघ्यावर, एक उजव्या. ठक, ठक, ठक. सगळं मैदान तो आवाज ऐकत होतं. वाट द्यावी असं कुणी कुणाला सांगितलं नाही, तरी वाट झाली. वेटोळ्याचा दोर ओंडक्याला घासून मोकळा होत चालला होता, आणि तो मध्यावर पोचला तेव्हा वर्षभर कुणाला न कळलेली ती गाठ आपसूक सुटली. कोरा ओंडका बाजिंद्याच्या पुढच्या पायांपाशी धप्पकन पडला.

"पंच महाराज," कवड्या म्हणाला, "मान सापडली."

कुणी हसलं नाही. नदीवरून परतलेले अकरा जण ओल्या अंगांनी कडेला येऊन थांबले होते. बाभळबनाच्या वाटेवर भिंगऱ्या ओंडका ओढता ओढता थबकला होता.

सगळ्यांच्या नजरा थोरल्या करकोच्याकडे लागल्या. त्याच्याकडे उत्तर होतं, वर्षभर होतं: कळपाला मान नसते, नाईक म्हणजे कळप नव्हे. पण माळ त्याच्या चोचीत होती. बोलण्यासाठी चोच उघडली असती तर माळ धुळीत पडली असती. त्याच्या गळ्यात खाकरण्यासारखा काहीसा आवाज झाला आणि तिथेच विरला. घुंगरं तेवढी थरथरली.

बाजिंद्याने मान मागे घ्यायला हवी होती. ते त्याच्या ध्यानात आलंही. डोळे एकदा ओंडक्याकडे गेले. पण माळ वीतभर अंतरावर होती. मान तशीच पुढे राहिली.

कवड्या हलला नाही. थांबण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. गळ्यात आता एकच ओंडका होता, त्याचा स्वतःचा, आणि त्याची गाठ सूर्य मावळला की सुटणार होती.

तेव्हा काणा करकोचा आपल्या जागेवरून निघाला. धुळीतून त्याने कोऱ्या ओंडक्याच्या दोराचं टोक चोचीत उचललं आणि, नव्या बैलाचं माप घ्यावं तसं, त्या पुढे केलेल्या मानेभोवती एकदा फिरवलं.

दोर पुरला. पुरून चार हात उरलासुद्धा.